अर्धवट विमान टेबलावर राहू द्या

पालकहो, आधी एक मागणं मागतो, मग बाकीचं बोलू. तुमच्या घरात कुणी लढाऊ विमानाचं मॉडेल करायला घेतलं असेल, तर त्या मुलाला किंवा मुलीला हातभर जागा तोडून द्या. अभ्यासाच्या टेबलाचा कोपरा चालेल, वापरात नसलेल्या शिवणयंत्राचं फळकूट चालेल. आणि एकदा दिली की ती जागा आपली नाही असं समजा. पाहुणे येणार म्हणून, घरात पूजा आहे म्हणून, कामाच्या मावशींना झाडायचंय म्हणून तिथलं काही हलवू नका. त्या पसाऱ्यात तांदळाच्या कणीएवढे तुकडे असतात. त्यातला एक केराच्या सुपलीत गेला की तो पुन्हा मिळत नाही.

मी बऱ्याच वर्षांपासून अशी विमानं करतो. सोसायटीतली मुलं सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येऊन बसतात आणि त्यांच्या मागोमाग, जराशा काळजीने, त्यांचे आईवडील येतात. "काका, हे अजून किती दिवस चालणार?" हा पहिला प्रश्न. "एवढा वेळ गणिताला दिला असता तर?" हा दुसरा. तिसरा सहसा आई विचारते, तोही मुलगा आत पाणी प्यायला गेल्यावर, आवाज उतरवून: "हे तोफा, बंदुका, लढाया... बरं आहे ना हो?" मला या तिघांतला तिसरा प्रश्न मोलाचा वाटतो. पण तिथे पोचायला थोडं वळसा घालून जावं लागेल.

उदाहरणाला ब्रिटिशांचं स्पिटफायर घेऊ, कारण सुरुवातीला बहुतेक मुलांच्या हातात तेच येतं. दुसऱ्या महायुद्धातलं हे विमान. आर. जे. मिचेल यांनी त्याचा आराखडा केला, 5 मार्च 1936 रोजी ते पहिल्यांदा उडालं आणि पुढच्याच वर्षी, बेचाळिसाव्या वर्षी, मिचेल कर्करोगाने गेले. पुढे अशी वीस हजारांहून जास्त विमानं झाली. ती पाहायला ते राहिले नाहीत. खऱ्या स्पिटफायरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वाअकरा मीटर. मॉडेल बहुधा 1:72 किंवा 1:48 या प्रमाणात असतं, म्हणजे पंखांची रुंदी साधारण साडेपंधरा किंवा साडेतेवीस सेंटिमीटर भरते.

गणिताची काळजी असलेल्यांनी इथे जरा थांबावं. 1:72 म्हणजे मॉडेलवरचा एक मिलिमीटर खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरहून जास्त. मुलाने ब्रशने रंगाचा जाडसर थर दिला, समजा मिलिमीटरचा दहावा हिस्सा, तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटर जाडीचा लेप झाला! असा लेप घेऊन कुठलं विमान उडेल? हे एकदा कळलं की मूल आपण होऊन रंग पातळ करतं आणि एका जाड थराऐवजी तीन पातळ थर देतं. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा यापेक्षा पक्का कुणी शिकवल्याचं मला माहीत नाही. तरी मॉडेल करण्यामागचं कारण म्हणून गणित पुढे करू नका. मुलांना तो वास लगेच येतो आणि मग छंदाचा गृहपाठ होतो.

आता वेळेचं. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना सुटे भाग चिकटलेले असतात. ते निपरने कापायचे, कापलेल्या जागी राहिलेलं टोक पॉलिश पेपरने घासायचं, मग गोंद न लावता आधी नुसतं जुळवून पाहायचं. ही जुळवाजुळव घाईच्या मुलांना आवडत नाही, आणि विमान बिघडतं ते इथेच. स्पिटफायरचे पंख धडापासून टोकाकडे किंचित वर उचललेले असतात. तो कोन दोन्ही बाजूंना सारखा आला नाही तर समोरून पाहताना विमान कलंडल्यासारखं दिसतं आणि त्यावर कितीही सुरेख रंग दिला तरी ते लपत नाही. मॉडेलचा पातळ गोंद हा खरं तर गोंदच नाही. तो दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक किंचित विरघळवतो आणि ते एकमेकांत मिसळून घट्ट होतं. त्याला रात्रभर सोडावं लागतं. धडाच्या दोन अर्ध्या भागांमध्ये जी रेघ राहते तिच्यात लांबी भरायची, वाळू द्यायची, पाणी लावून घासायची. मग प्रायमर. प्रायमर दिल्यावर कळतं की रेघ अजून आहेच. पुन्हा लांबी, पुन्हा घासणं.

म्हणून महिना लागतो, कधी दोन. त्यातला बराचसा काळ वाळण्याचा असतो. त्या काळात मूल अभ्यास करू शकतं आणि करतंही. अडथळा येतो तो आपल्या नजरेला. अर्धवट काही समोर पडलेलं आपल्याला सोसत नाही. क्लासचा अभ्यासक्रम पूर्ण झाला की नाही, वही पूर्ण झाली की नाही, याच मापाने आपण दिवसभर मोजत असतो. आणि इथे एक विमान बिनाशेपटीचं आठवडाभर तसंच उभं. मग एखादे बाबा रविवारी दुपारी म्हणतात, "आण इकडे, मी लावून देतो." तासाभरात शेपूट लागते, चाकं लागतात, फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. मुलगा शेजारी उभा राहून पाहत असतो. पुढच्या रविवारी तो त्या टेबलाशी फिरकत नाही आणि बाबा मला सांगतात, "याचा उत्साह टिकत नाही बघा."

बाबा लोकांना हात लावायचाच असेल तर एक साधा उपाय आहे: आपल्यासाठी दुसरं किट आणा. शेजारी बसा, स्वतःचं विमान करा, आणि मुलाला विचारा की ही चूक कशी सुधारायची. तो सांगेल.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो.

विमानाचं काम आतून सुरू होतं. पहिल्यांदा होते ती वैमानिकाची बसायची जागा, कारण धड एकदा मिटलं की आत हात पोचत नाही. स्पिटफायरच्या आतला रंग फिकट राखाडी हिरवा. आसन मात्र पुष्कळदा तांबूस तपकिरी, कारण युद्धात ॲल्युमिनियम वाचवायचं होतं म्हणून राळेत भिजवलेल्या कागदाचे थर दाबून ती आसनं केली होती. मुलं हे ऐकून हसतात. कागदाची खुर्ची! मग येतो छोटा दरवाजा, आणि त्याच्या आतल्या अंगाला अडकवलेली एक बारीक काडी. मुलं ती रंगवतात आणि विचारतात, ही काय? ती पहार आहे. डोक्यावरचं काचेचं झाकण गोळ्या लागून अडकलं, विमान पेटलेलं असलं, तर आतल्या माणसाने ते झाकण फोडून बाहेर पडावं म्हणून ठेवलेली.

हे सांगितलं की टेबलाशी जरा शांतता होते. तोवर ते विमान असतं. त्यानंतर त्यात माणूस बसतो. आणि तो माणूस किती मोठा? जेफ्री वेलम नावाचा वैमानिक 1940 साली स्पिटफायरच्या 92 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला तेव्हा अठरा वर्षांचा होता. आपल्याकडे त्या वयाची मुलं बारावीचा निकाल पाहून कुठल्या कॉलेजात अर्ज भरायचा ते ठरवत असतात. ते युद्ध पाहून वेलम वाचला आणि नव्वदी पार करून गेला. बरोबरचे कितीतरी जण वाचले नाहीत.

दुसरी अशीच एक जागा पंखांच्या पुढच्या कडेला आहे. तिथे मशीनगनच्या तोंडांवर छोट्या लाल पट्ट्या चिकटवायच्या असतात. खऱ्या विमानावर त्या कापडाच्या असत. उंचावर थंडीने बंदुका गोठू नयेत, तोंडात ओल आणि माती जाऊ नये म्हणून उड्डाणाआधी तिथे कापड चिकटवत. पहिली गोळी सुटली की कापड फाटे. म्हणजे परतणाऱ्या विमानाच्या पट्ट्या शाबूत दिसल्या तर खालच्या माणसांना कळे, आज गोळीबार झाला नाही. माझ्याकडे येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने विमान पूर्ण केलं तेव्हा पट्ट्या तशाच अखंड ठेवल्या. "माझं लढून आलेलं नाही," म्हणाली. तिने तसं का ठरवलं ते मी विचारलं नाही.

तेव्हा, ताई, "बरं आहे ना हे?" याला माझं उत्तर असं. विमान सुंदर आहे आणि ते माणसं मारण्यासाठी केलेलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मुलाला सांगायच्या. फक्त सौंदर्य सांगितलं तर आपण त्याला जाहिरात दिली. फक्त दुसरी बाजू सांगून खोकं काढून घेतलं तर मूल तेच विमान मोबाइलवरच्या खेळात उडवील, आणि तिथे पहार नसते.

आपल्या घरात हे बोलणं कुठून सुरू करावं याचा एक सोपा धागा स्पिटफायरच्याच खोक्यात सापडतो. पाण्यात भिजवून चिकटवायची जी चित्रं येतात, त्यांना डिकॅल म्हणतात, त्यात ब्रिटिश हवाई दलाचं गोल चिन्ह असतं: निळं, पांढरं, मधे लाल टिकली. पण काही खोक्यांत ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या विमानांची चिन्हं येतात आणि त्यांतून लाल गायब असतो. मुलांना वाटतं छपाई चुकली. छपाई बरोबर आहे. जपानी विमानांवर लाल सूर्य असे, आणि घाईत दिसलेल्या लाल ठिपक्यापायी आपल्याच लोकांनी आपल्यावर गोळ्या झाडू नयेत म्हणून या आघाडीवर तो काढून टाकला, नुसत्या निळ्याच्या दोन छटा ठेवल्या.

ब्रह्मदेश म्हटलं की गोष्ट आपल्या दारात येते. 1944 साली भारतीय हवाई दलाच्या 8 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला स्पिटफायर मिळाली आणि भारतीय वैमानिकांनी ती याच आघाडीवर उडवली. ब्रिटिशांच्या 152 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नावच हैदराबाद स्क्वाड्रन होतं. तिच्या बोधचिन्हात निजामाचं शिरोभूषण आहे, कारण पैसा निजामाने दिला होता. आणि त्याच वेळी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. स्पिटफायर बंगालच्या आघाडीवर पोचली ती 1943 सालच्या शेवटी. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. आकाश राखायला विमानं आली आणि खाली माणसांना भात नव्हता. हे नववी-दहावीच्या मुलाला सांगितलं तर तो खचत नाही. उलट तो विचारतो की मग ही विमानं नक्की कुणाची होती. या प्रश्नाचं तयार उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नसलं तर चालेल. जेवताना दोन दिवस बोलायला तो पुरतो. वर त्याला हेही सांगा की चारच वर्षांनी, 1947 साली, काश्मीरमध्ये टोळीवाले श्रीनगरच्या वेशीशी आले तेव्हा स्वतंत्र भारताच्या हवाई दलाने जी विमानं वापरली त्यांत हीच स्पिटफायर होती. विमान तेच, चिन्ह बदललेलं.

मुलगी असेल तर तिला हा "मुलांचा छंद" म्हणून दूर ठेवू नका. हे वाक्य मला 2020 सालानंतरही लिहावं लागतं याची लाज वाटते. कारखान्यातून निघालेली स्पिटफायर विमानतळांवर पोचवण्याचं काम करणाऱ्या दलात स्त्री वैमानिक होत्या. त्यांच्यातल्या मेरी एलिस यांनी सुमारे चारशे स्पिटफायर पोचवली आणि शंभरी ओलांडून 2018 साली त्या गेल्या. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात एक खोट होती: नाक झटकन खाली घातलं की इंधन मधेच तुटायचं आणि इंजिन गचके द्यायचं. जर्मन विमानांना ही अडचण नव्हती. बीट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी इंधनाच्या नळीत बसवायची भोकाची एक छोटी चकती काढली आणि 1941 साली ती विमानांना बसवली. पुढे कायमचा उपाय निघेपर्यंत तिच्यावर काम भागलं. या बाई मोटारसायकलच्या शर्यतींत धावत. मॉडेलवर ती चकती दिसत नाही, पण इंजिनाचं झाकण चिकटवताना ही गोष्ट सांगायला कुणाची हरकत नसावी.

तुकड्यातुकड्यांनी विमान करण्यालाही तसा इतिहास आहे. सप्टेंबर 1940 मध्ये इंग्लंडमधला साउदॅम्प्टनचा स्पिटफायरचा कारखाना जर्मन बॉम्बफेकीत गेला. तेव्हा स्पिटफायरचं काम आसपासच्या गावांत वाटून दिलं: मोटारींच्या गॅरेजांत, बस डेपोत, धोबीखान्यांतसुद्धा. एका ठिकाणी पंख, दुसऱ्या ठिकाणी धड, आणि जोडणी तिसरीकडे. आणि अमेरिका युद्धात उतरल्यावर 1942 साली तिथल्या नौदलाने शाळांतल्या मुलांकडून लाकडाची पाच लाख मॉडेलं मागवली होती, 1:72 प्रमाणातच. ती काळी रंगवत. पस्तीस फुटांवरून पाहिलं की अर्ध्या मैलावरचं खरं विमान जेवढं दिसेल तेवढंच ते दिसे. आपलं कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे ओळखण्याचा सराव सैनिक त्यांच्यावर करत. आज खोक्यावर दिसणारं 1:72 हे प्रमाण रूढ होण्यात या मुलांच्या मॉडेलांचाही वाटा आहे.

पैशाचं आणि धोक्याचं थोडक्यात, कारण त्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. पहिलं किट लहान आणि कमी तुकड्यांचं घ्या. पितळी पत्र्याचे कोरलेले भाग, हवेच्या दाबाने रंग फवारायचं यंत्र, यातलं काहीही पहिल्या वर्षी लागत नाही. निपर, पॉलिश पेपरचे तीन-चार नंबर, दोन चांगले ब्रश, पाण्याने पातळ होणारे रंग, एवढ्यावर उत्तम विमान होतं. गोंद आणि थिनरचं काम खिडकी उघडून करायचं. स्प्रे मारायचा तर गच्चीवर, तोंडाला मास्क लावून. कटरचं पातं बोथट झालं की बदला. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि बोट कापतं ते त्याने. काचेच्या झाकणाला झटपट चिकटणारा गोंद लावला तर त्याच्या वाफेने काच धुरकट होते. तिथे साधं फेविकॉल वापरा, वाळल्यावर दिसत नाही. आणि पावसाळ्यात वॉर्निश मारायची घाई करू नका. हवेतल्या ओलीने त्यावर दुधट साय धरते. जूनमध्ये सुरू केलेलं विमान गणपतीत पुरं व्हायला हवं असा हट्ट धरणाऱ्यांना मी दसऱ्यापर्यंत थांबायला सांगतो.

स्पर्धांबद्दल माझं मत जरा कडक आहे. पहिल्या दोन-तीन विमानांपर्यंत मुलाला कुठल्याही स्पर्धेत नेऊ नका. परीक्षक पंखाच्या सांध्यात रेघ शोधतात, आणि ते त्यांचं कामच आहे. पण मुलाने आत रंगवलेली पहार मिटलेल्या धडातून कुणालाच दिसत नाही, तिला गुणही मिळत नाहीत. काही मुलं तरीही ती रंगवतात. तुमचं मूल त्यातलं निघालं तर त्याला "कोण बघणार आहे?" असं म्हणू नका.

विमान पुरं झाल्यावर ते ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ ब्रशने धूळ झटकायची आणि तेही मुलानेच. डिकॅल वाकडं बसलं असेल, रंग पंखाच्या कडेला ओघळला असेल, ते त्याला तुमच्या आधी दिसलेलं असतं. तुम्ही एवढंच विचारा: हे कोणत्या साली, कुठे उडत होतं, कोण उडवत होतं? उत्तर लांबलं तरी मधेच फोन हातात घेऊ नका. आणि दिल्लीला जाणं झालं तर पालमच्या हवाई दल संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखा. तिथल्या संग्रहात स्पिटफायर आहे आणि त्याच्या काळातली इतरही विमानं आहेत. ते उघडं आहे का, हे मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्या.